गुलाबी डोक्याचं बदक

१

चौकट टेबलावर पालथी होती. काच शेजारी, घडी घातलेल्या पंचावर. मागचे बारीक खिळे कुणीतरी पितळी वाटीत गोळा करून ठेवले होते. नव्हतं ते फक्त चित्र.

“काल दुपारी अप्पांनी लिलावात घेतलं, आणि आज सकाळी हे असं,” सुधींद्र म्हणाला. “उमाजीअण्णा, कित्येक वर्षं या एका चित्राची वाट पाहत होते ते.”

उमाजीराव मोहिते वाकून दाराचं कुलूप पाहत होते. म्हैसूर पोलिसांतून निवृत्त झाल्यापासून असल्या कामाला त्यांना कुणी बोलावत नसे, आणि त्यांना त्याचं वाईटही वाटत नसे. पण बेंगळुरूच्या बसवनगुडीतलं हे घर परकं नव्हतं. सुधींद्रचे वडील भीमाचार्य न्यायाधीश असताना उमाजीरावांनी त्यांच्यासमोर कितीतरी साक्षी दिल्या होत्या. दोघंही पेन्शनीत आल्यावर त्या ओळखीची मैत्री झाली होती.

कुलूप शाबूत. खिडक्यांचे गज शाबूत. किल्ली एकच, आणि ती आचार्यांच्या जानव्याला बांधलेली. आंघोळीलाही ती सुटत नसे.

चारी भिंतींवर पक्षी होते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी लंडनला छापलेल्या एका मोठ्या ग्रंथातली ही पानं. दगडावरून काळ्या रेघा छापायच्या आणि मग एकेका प्रतीत हाताने रंग भरायचे, अशी ती शिळाछापं. साहेब लोक देश सोडून जाऊ लागले तसं त्यांच्या बंगल्यांतलं सामान कँटोन्मेंटच्या लिलावघरात येऊ लागलं, आणि कपाटं-पियानोंच्या त्या गर्दीतून आचार्यांनी एकेक पक्षी घरी आणला. शेवटी एकच जागा रिकामी उरली होती. गुलाबी डोक्याचं बदक. खरा पक्षीही आता कुठं दिसत नाही म्हणतात. ते पान मिळालं की सगळा संच अमेरिकेतल्या एका संग्रहालयाला द्यायचा, असं आचार्यांनी कबूल केलं होतं. प्रत्येक चित्र अस्सल असल्याची ग्वाही त्यांनी स्वतः सहीनिशी दिली होती. संग्रहालयाचा माणूस शुक्रवारी येणार होता.

खोलीत आंबूस वास होता. उमाजीरावांनी हुंगून पाहिलं. मैद्याची खळ.

आचार्य आरामखुर्चीत बसले होते. कपाळावरचं गोपीचंदन ताजं होतं, डोळे मात्र रात्रभर जागलेले.

“आचार्य, चित्र आणल्यावर कुणी पाहिलं?”

“कुणी नाही. कापडात गुंडाळून आणलं, तसंच आत ठेवलं आणि कुलूप घातलं. आज सगळ्यांना दाखवणार होतो.” जरा थांबून त्यांनी विचारलं, “सुधींद्रनं आणखी कुणाकुणाला सांगितलंय?”

चित्र सापडेल का, असं त्यांनी विचारलं नाही.

“पोलिसांना सांगितलंय,” सुधींद्र दारातून म्हणाला. “त्यांनी बसवंतला धरलंय.”

आचार्यांनी खुर्चीचा हात घट्ट पकडला. 

२

बसवंत चौकटी करायचा. चिकोडीकडचा माणूस, लिलावघरातली मोडकी चित्रं दुरुस्त करता करता बेंगळुरूचा झालेला. काल संध्याकाळी तो मागच्या फाटकातून बाहेर पडताना सुधींद्रला दिसला होता.

“त्याच्यामागे नंदकिशोर असणार,” सुधींद्रचं म्हणणं. “चिकपेठेतला रेशीमवाला. काल अप्पांच्या विरुद्ध बोली लावत होता, हरला. बसवंत त्याच्याही चौकटी करतो.”

“आणि किल्ली?”



मागच्या पडवीत क्षमा अवरेकाळूच्या, पावट्याच्या शेंगा सोलत बसली होती. आचार्यांची थोरली मुलगी. लग्नाला वर्ष व्हायच्या आत नवरा गेला आणि ती माहेरी आली, तेव्हापासून उमाजीरावांनी तिला पांढुरक्या लुगड्याखेरीज कशात पाहिलं नव्हतं. ते पायरीवर टेकले.

“बसवंत कशाला आला होता गं?”

“खिळा विचारायला. चौकट जड असेल तर मोठा खिळा लागेल म्हणाला.”

“आत गेला?”

“छे. इथंच, तुम्ही बसलात तिथं.”

“तू चित्र पाहिलंस?”

“नाही अण्णा. अप्पा कुणाला हात लावू देत नाहीत, तुम्हाला माहीतच आहे.” तिनं शेंग फोडली. “बसवंत चोर नाही. आणि अप्पांचं नुकसान केवढं झालंय, ते पोलिसांना नाही कळायचं. बाकी अंग नुसतं तपकिरी, ते कुणीही रंगवील. पण डोक्याचा गुलाबी मानेवरून खाली येताना विरत जातो ना, तो कुठं संपतो ते दिसत नाही. तेवढ्यासाठी तर ते चित्र.”

“सरी, बरं तर,” उमाजीराव म्हणाले आणि उठले.

ते फाटकाशी पोहोचले तोच मागून चपलांचा आवाज आला. क्षमा धावत आली होती. तिनं घराकडे एकदा वळून पाहिलं.

“अण्णा, चित्र सापडलं तर अप्पांना देऊ नका. आधी मला द्या.”

का, असं विचारायच्या आत ती परत गेली होती.

३

कोठडीतल्या बसवंतचा एक गाल सुजला होता. उमाजीरावांना पाहून तो उठून उभा राहिला.

“मी घेतलं नाही साहेब.”

“मग काल रविवारी तिथं कशाला गेला होतास?”

बसवंतनं खाली पाहिलं.

“खिळ्याचं मला सांगू नको. खिळा आज विचारता आला असता. खरं सांगितलंस तर आज सुटशील.”

“सुटीन, साहेब.”

“मग?”

“मी एकटाच सुटीन.”

उमाजीरावांनी त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. धाकानं गप्प बसणारी माणसं त्यांनी नोकरीत पुष्कळ पाहिली होती. हा तसा गप्प नव्हता.

“आचार्यांच्या त्या खोलीत तू कधी गेला आहेस?”

“कधीच नाही. त्यांच्या घरात मडीचं, सोवळ्याचं फार. चौकट मी बाहेर द्यायची, आचार्यांनी स्वतः आत न्यायची. आजपर्यंत असंच चाललंय.”

“मग आत खळीचा वास कसला?”

“माझ्या खळीला वास येत नाही साहेब. मी मोरचूद घालतो, आंबत नाही ती.” बसवंत गोंधळला होता. “खोलीत खळ कुणी लावली?”

“तेच विचारतोय मी स्वतःला. बदक लिलावात तूच ठेवलं होतंस म्हणे, ते कुठून आणलंस?”

“कुन्नूरच्या बंगल्यातलं सामान आलं होतं. मळेवाल्याच्या बायकोचं. त्यात होतं.”

हे सांगताना मात्र बसवंत भिंतीकडे पाहत होता. उमाजीराव वळले तसा त्यानं गजातून हात बाहेर काढला.

“नंदकिशोर शेटना भेटू नका साहेब. हात जोडतो.”

उमाजीराव तिथून सरळ चिकपेठेत गेले.

४

नंदकिशोरनं गादीवर बसवून घेतलं, कॉफी मागवली. गोरा, देखणा माणूस, बोलताना हसणारा.

“मी हरलो असं सगळे म्हणतात? मी हरलो नाही, उमाजीराव. मी सोडलं.”

“का?”

“लिलावाआधी सामान पाहायला ठेवतात. मी भिंग घेऊनच जातो. तो गुलाबी पाहिला आणि मला हसू आलं. जुन्या काळी तो रंग किरमिजाचा करत. उजेड लागला की उडतो. हे चित्र म्हणे कुन्नूरच्या दिवाणखान्यात साहेबाच्या बापापासून भिंतीवर. मग बदकाचं डोकं पार फिकट पडायला हवं होतं. ते तर आत्ता रंगवल्यासारखं टवटवीत. कागद जुना, रेघा जुन्या, त्यात शंका नाही. पण रंग नवा. बिनरंगाचं पान कुणीतरी अलीकडे रंगवलंय.”

“तरीही तुम्ही बोली लावलीत.”

“चढवली. आचार्यांना चढू दिलं आणि मग हात खाली घेतला.”

“हे कुणाला बोललात?”

“बसवंतला, तिथल्या तिथं. त्याचं तोंड बघायला हवं होतं तुम्ही.”

आता रविवारची संध्याकाळ उमाजीरावांना कळली. बसवंत कुणाला तरी सावध करायला गेला होता. पायरीपाशी, पडवीत.

“ते चित्र चोरीला गेल्याचं माझ्याइतकं दुःख कुणाला नसेल,” नंदकिशोर म्हणाला. “शुक्रवारी ते त्या भिंतीवर हवं होतं मला. अमेरिकनासमोर मी भिंग काढणार होतो. लोकांच्या संग्रहात खोट काढत जन्म गेला आचार्यांचा. माझं एक चित्र त्यांनी भर लिलावघरात बनावट ठरवलं होतं, आणि ते बरोबर निघालं. विसरलो नाही मी.”

“आता चित्रच नाही.”

“हे नाही. पण एक असं आलं तर आधीही आली असतील. मी शुक्रवारी येतोय, उमाजीराव. बाकीच्या भिंती तर आहेत.”

५

दुपारी आचार्य जेवून पडले होते. क्षमा विहिरीपाशी उभी होती. उमाजीरावांनी आडवळण घेतलं नाही.

“क्षमा, चित्र कापडात आलं आणि कापडातच कुलपात गेलं. तू ते पाहिलं नाहीस. मग मानेवरचा गुलाबी विरत जातो, हे तुला कसं ठाऊक?”

दोर तिच्या हातात तसाच राहिला.

“बसवंतनं सांगितलं,” ती म्हणाली.

“बसवंत मार खाऊनही तुझं नाव घेत नाहीये. तू त्याच्यावर ढकलू नकोस.”

ती विहिरीच्या कठड्यावर बसली.  मग बोलली ती अगदी साध्या आवाजात, स्वयंपाकाबद्दल बोलावं तसं.

“लिलावात एकदा कसर लागलेलं एक बाड आलं होतं. हाच ग्रंथ, पण रंग न भरलेला. बसवंत ती पानं चौकटीच्या मागे घालायला वापरणार होता. मी मागून घेतली. गच्चीवरच्या खोलीत बसून एक बुलबुल रंगवला. अप्पांची चित्रं झाडताना रोज बघत होतेच, रंग सगळे पाठ होते. बसवंतला दिला, त्याच्या दुकानात लाव म्हटलं. त्यानं लिलावात ठेवला. आणि अप्पाच घेऊन आले.”

“मग तू सांगितलं नाहीस?”

“सांगणारच होते.” ती थांबली. “त्या दिवशी अप्पा सगळी दुपार त्याच्यासमोर बसले होते. मला हाक मारली. म्हणाले, क्षमा, इल्ली नोडू, इकडे बघ, हात म्हणतात तो हा. त्याआधी त्यांनी मला हाक मारून कधी काही दाखवलं नव्हतं, अण्णा. माहेरी आल्यापासून कधीच नाही.”

“त्यानंतर?”

“त्यानंतर मीच द्यायला लागले. एक चित्र आलं की एक दुपार मिळायची.”

“त्या खोलीत तुझी किती आहेत?”

“विचारू नका.”

“बदक तूच काढून नेलंस?”

“मी कशी नेणार? किल्ली अप्पांकडे. बसवंत सांगून गेला तेव्हापासून मी नुसती घाबरलेय. ज्यानं नेलं त्यानं ते जाळलं असेल तर बरंच.” तिनं वर पाहिलं. “अप्पांना कळता कामा नये. त्यांची सही खोटी ठरेल हे तर आहेच. पण त्या सगळ्या दुपारी खोट्या होतील. मला शब्द द्या, अण्णा.”

उमाजीरावांनी शब्द दिला. चित्र कुठं आहे हे त्यांना तोवर उमगलं होतं, आणि म्हणून तो देताना त्यांना बरं वाटलं नाही.

६

आचार्य चित्रांच्या खोलीत जाऊन बसले होते. उमाजीराव भिंतीच्या कडेकडेनं फिरले. खंड्याची चौकट बाकीच्यांपेक्षा किंचित पुढे झुकली होती. त्यांनी ती उतरवून उलटी केली. मागचा कागद नवा होता, खळीच्या ओलाव्यानं अजून फुगलेला.

“ते राहू दे, उमाजी,” आचार्य म्हणाले.

“चोर असता तर खिळे वाटीत गोळा करत बसला नसता, आचार्य. काच पंचावर ठेवली नसती. कुलूप न तोडता जो आत येतो त्याच्याकडे किल्ली असते, आणि किल्ली तुमच्या अंगावर आहे. चित्र सापडेल का, हे तुम्ही मला अजून विचारलेलं नाही.”

त्यांनी कागद फाडला. खंड्याच्या मागे, जुन्या पुठ्ठ्याला लावून बदक ठेवलेलं होतं.

उमाजीरावांनी ते खिडकीशी धरलं. त्यांना चित्रांतलं फारसं कळत नव्हतं, पण हे पाहून त्यांचाही हात जरा थांबला. पाण्याकाठच्या गवतात एक काळसर तपकिरी बदक, आणि त्याची ती गुलाबी मान. डोक्याच्या वरच्या अंगाला कसरीनं पाडलेलं टाचणीएवढं भोक होतं. भोकाच्या आतल्या कडेलाही गुलाबी उतरला होता.

“कसर आधी लागली,” ते म्हणाले. “रंग नंतर चढला.”

“रविवारी दार लावून घेतलं आणि काच काढून पाहिलं,” आचार्य म्हणाले. “भोक दिसलं. आधी वाटलं, बसवंतला आणि लिलावघराला कोर्टात उभं करतो.”

“ते तुम्ही केलंच असतं. नंदकिशोरचं चित्र भर लिलावघरात बनावट ठरवलं होतंत. फसवणाऱ्याला तुम्ही सोडत नाही. मग यावेळी चित्र लपवून गप्प बसलात, म्हणजे फसवणारा असा कुणीतरी आहे ज्याचं नाव तुम्हाला उघडं पडायला नको होतं. बसवंत नाही. त्याला तर तुम्ही कोठडीत राहू दिलंत.”

आचार्यांनी डोळे मिटले.

“डोळा बघ त्या बदकाचा. पांढरा ठिपका आहे, त्याच्याखाली एक केसाएवढी रेघ. लहानपणी नागपंचमीला ती पाटावर नाग काढायची, त्याच्या डोळ्याला अशीच रेघ द्यायची. रडून आल्यासारखा दिसायचा तो नाग. मी म्हणायचो, असा डोळा नसतो. मग मी भिंग घेऊन बाकीची चित्रं पाहायला लागलो. त्या बुलबुलाला आहे. हळद्याला आहे. थोडी पाहिली आणि भिंग ठेवून दिलं.”

उमाजीरावांना शब्द मोडावा लागला नाही. मोडण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

“जाळलं का नाहीत?”

“न्हाणीघरात बंबापर्यंत नेलं होतं.” आचार्यांचा आवाज खाली गेला. “या खोलीत इतकं सुंदर दुसरं काही नाही, उमाजी. अस्सल म्हणतो त्यांतही नाही. कसं जाळू?”

“हे तिला सांगा.”

“तिला सांगायचं तर मागचंही बोलावं लागेल. ती घरी आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. एकदाच काय ते मागितलंन, रंगांची पेटी. मी म्हटलं, रंगांचं आता तुला काय काम.” त्यांनी भिंतींकडे पाहिलं. “आता काय सांगू? की मी चुकलो होतो, आणि ते मला भिंग लावल्यावर कळलं?”

“एवढंच सांगा. पुष्कळ झालं.”

आचार्यांनी मान हलवली. ती होकाराची की नकाराची, ते कळलं नाही.

“बसवंतला सोडव,” ते म्हणाले. “चित्र घरातच होतं, म्हाताऱ्याच्या लक्षात राहिलं नाही म्हणून सांग. अमेरिकेच्या माणसाला मी आजच तार करतो. देणार नाही म्हणून कळवतो. नंदकिशोरला काय बोलायचं ते बोलू दे.”

तेवढ्यात दार ढकलून क्षमा कॉफी घेऊन आली.

तिनं आधी वडिलांचा पेला ठेवला, मग उमाजीरावांचा. मग तिला टेबलावरचं बदक दिसलं.

 क्षमा चित्राकडे पाहत होती, आचार्य तिच्याकडे. तिनं मान वर केली तेव्हा त्यांना नजर काढून घ्यायला वेळ मिळाला नाही. उमाजीरावांनी नोकरीत पुष्कळ कबुलीजबाब ऐकले होते. असा न बोलता झालेला एकही त्यांना आठवेना. ती उभी राहिली. ती वाट पाहत होती, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. आचार्यांचे ओठ हलले. उमाजीरावांना वाटलं, आता.

“क्षमा,” आचार्य म्हणाले, “हे चित्र खोटं निघालं. माळ्यावर ठेवून दे.”

हे त्यांनी तिला वाचवायला म्हटलं. मला काही ठाऊक नाही, तू निर्धास्त राहा, असं त्यांना म्हणायचं होतं. जन्मभर निकाल देणाऱ्या आवाजात ते बाहेर पडलं.

“सरी, अप्पा,” क्षमा म्हणाली.

तिनं दोन्ही हातांनी चित्र उचललं आणि ती बाहेर गेली. आचार्य कॉफीच्या पेल्याकडे पाहत राहिले. उमाजीराव तिच्यामागे गेले. स्वयंपाकघराशेजारी माळ्याला शिडी लावून ती वर चढली होती. चित्र तिनं जुन्या परातींच्या मागे सारलं आणि खाली उतरली. डोळे कोरडे होते.

“पोरी, ऐक,” उमाजीराव म्हणाले. “तुझे अप्पा आत्ताच मला म्हणाले, या घरात इतकं सुंदर दुसरं काही नाही म्हणून. त्यांना सगळं कळलंय. तुझाच हात आहे हे ओळखूनच बोलले ते.”

क्षमानं लुगड्याच्या पदराला बोटं पुसली.

“तुम्हाला म्हणाले ना, अण्णा,” ती म्हणाली, आणि शिडी उचलून जागेवर ठेवायला गेली.